गहिनीनाना आणि मागचं चाक

राहात्यात कुणालाही "काय, बरं आहे ना?" म्हणून विचारा, तो "बरं आहे" म्हणतो आणि आपल्या वाटेनं जातो. गहिनीनाथ सुतार तसे जात नाहीत. ते हातातली पटाशी खाली ठेवतात, तुमच्याकडे नीट बघून घेतात आणि उलट विचारतात, "का? कुनी काय बोललं का?"

गहिनीनाना बैलगाड्या करतात. त्यांच्या हातचं चाक कुरकुरत नाही, पण गाडी घेणारा मात्र कुरकुरत घरी जातो. कारण गाडी करायला सांगितली की नाना आधी त्याची उलटतपासणी घेतात. जुन्या गाडीला काय झालं? खरंच मोडली, की कुणी मोडायला लावली? बाभळीचा ओंडका घेताना विकणारा "लाकूड चांगलं आहे" म्हणाला, तर त्यात नक्की कीड असणार. "तितकं चांगलं नाही" म्हणाला, तर त्यानं ते दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवलेलं असणार. न्हाव्याकडे दाढी करताना सगळे आरशात आपलं तोंड बघतात. नाना आरसा तिरका धरून न्हाव्याचं बघतात. दवाखान्यातलं लाल औषध आधी कंपाउंडरला एक घोट प्यायला लावून मग ते घरी आणतात, त्यामुळे त्या कंपाउंडरला गेल्या हिवाळ्यात खोकला म्हणून झाला नाही.

घरात तरी वेगळं काय असणार! छबूकाकूंनी एखाद्या दिवशी पुरण घातलं तर नाना ताटावर बसून राहतात. "आज काय हाय?" काय नाही, सहज केलं, असं काकूंनी म्हटलं की संपलंच. सहज या शब्दावर नानांचा काडीचा विश्वास नाही. काकू एकदा आमच्या आईला सांगत होत्या, "अवं, लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ह्यांनी अंतरपाट खाली वढून बघितला. मी तीच हाय का न्हाई म्हनून!"

"मग?" आई म्हणाली.

"मग काय? बघितलं, आन् वर केला. अजून खात्री झाली आसंल आसं मला वाटत न्हाई."

तर अशा या माणसाच्या नशिबी घर आलं ते बरोबर कोपऱ्यावरचं.

नगरहून मनमाडला जाणारा रस्ता आमच्या गावाला लागून जातो. वेशीच्या अलीकडे त्यातून डाव्या हाताला एक गल्ली फुटते आणि उताराला लागून थेट बाजारतळावर जाते. त्या वळणाच्या आतल्या कोपऱ्यावर नानांचा कारखाना. कारखाना म्हणजे एक माळवदाची लांबट खोली, पुढे ओटा, ओट्यावर अर्धी झालेली चाकं. खोलीची मोठी तुळई ज्या भिंतीवर टेकलेली, ती हीच कोपऱ्याची भिंत. कोपरा गेला तर तुळई खाली येणार, तुळईबरोबर माळवद, आणि माळवदाखाली वर्षभर वाळत ठेवलेलं सगळं लाकूड. म्हणजे नानांचा अख्खा धंदा त्या एका कोपऱ्यावर उभा. म्हणून भिंतीला गाड्यांचा धक्का लागू नये यासाठी त्यांच्या आजोबांनी तिथे एक कंबरेइतका काळा दगड पुरून ठेवला होता.

रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर, मच्छिंद्रबापूंचं घर. हे नानांचे चुलतभाऊ, नानांहून धाकटे. तेही सुतारच, पण नांगर-पाभरीचे. दोघांचं बोलणं कधीचं बंद आहे. कशावरून बंद पडलं ते दोघांनाही आता नीट सांगता येत नाही. संशय मात्र दोघांचाही ताजा आहे. रस्ता तो केवढा, पण त्यावरून एकमेकांना निरोप द्यायला त्यांना तिसरा माणूस लागतो. आमचं घर बापूंना लागून असल्यामुळे आणि मी सातवी पास होऊन नोकरीची वाट बघत ओट्यावर बसलेलो असल्यामुळे, तो तिसरा बहुतेक मीच असे.

"राधू, त्याला सांग, तुझी शेळी माझ्या भुश्यात तोंड घालतीय."

"राधू, त्याला सांग, भुसा रस्त्यावर कशाला टाकतो म्हनावं."

सांगायचं काय? दोघांनाही दोघांचं ऐकू येतच असे. मी आपला मान हलवायचो.

लढाई संपली आणि सरकारनं फौजेच्या उरलेल्या लॉऱ्या विकायला काढल्या. गावातल्या एका गुळाच्या अडत्यानं त्यातली एक उचलली. शेवाळी रंग, पुढे लांब नाक, आणि पाठ त्याहून लांब. नगरहून रेशनची पोती आणायची आणि जाताना गुळाच्या ढेपा न्यायच्या, हे तिचं काम. चालवायला ठेवला तो नगरचाच जैनुद्दीन. फौजेत असताना त्यानं मिसर देशात, म्हणजे इजिप्तात, लॉरी हाकली होती आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे. तिथे वळायला त्याला अख्खं वाळवंट होतं. राहात्यात वळायला गहिनीनानांचा कोपरा होता.

अडत्यानं लॉरीवर क्लिनर ठेवला नव्हता. एका माणसाला देवानं डोळे दोन दिलेत, एक उजवीकडे बघायला आणि एक डावीकडे, असं त्याचं मत होतं.

पहिल्या दिवशी लॉरी आली तेव्हा मी ओट्यावरच होतो. नाना चाकात आरे ठोकत होते. लॉरीला वळायचं होतं डाव्या हाताला, गल्लीत. पण वळणाशी आल्यावर ती डावीकडे न जाता सरळ उजवीकडे सरकली, मच्छिंद्रबापूंच्या ओट्याला लागली म्हणा ना. ड्रायव्हरची बाजू नेमकी ओट्याकडे. बापू अडकित्त्यानं सुपारी कातरत बसलेले.

"सलाम, बापू!" जैनुद्दीननं खिडकीतून हात काढला.

"राम राम, जैनूभाई!"

मग लॉरीनं नाक डावीकडे फिरवलं आणि डौलात गल्लीत शिरली. नाक शिरलं, पाठ शिरली, आणि अगदी शेवटी तिचं मागचं डावं चाक नानांच्या दगडाला घासून, भिंतीचा गिलावा पाडून गेलं.

नाना हातोडा तसाच हातात घेऊन ओट्यावरून उतरले. मग मला हाक मारली.

"राधू, तू बघितलंस का?"

"बघितलं, नाना. घासली."

"घासली न्हाई. घासवली." ते खाली वाकून दगडावरचा ताजा ओरखडा बोटानं चाचपू लागले. "मला सांग, जायचं हुतं कुठं? डावीकडं. मग गेला कुठं आधी? उजवीकडं. तिथं कोन बसलंय? तोंडानं त्येला सलाम, आन् मागच्या पायानं मला लाथ! ही काय सहज झालेली गोष्ट हाय?"

सहज म्हणण्याची माझी हिंमत नव्हती.

पुढे हे दर खेपेला होऊ लागलं. लॉरी यायची, बापूंच्या ओट्याकडे झुकायची, सलाम-राम राम व्हायचं, आणि नानांच्या भिंतीचा थोडा थोडा गिलावा खाली यायचा. नानांचं म्हणणं पक्कं झालं. मच्छिंद्रनं लॉरीवाल्याला फितवलंय. कोपरा हळूहळू खायचा, तुळई खाली आणायची, आणि आपण रस्त्यावर आलो की जागा गिळायची.

आता नानांच्या बाजूनं एक गोष्ट सांगितली पाहिजे. चाकांबद्दल त्यांना कुणी शिकवावं असं नव्हतं. पण त्यांची सगळी हयात गेली बैलगाडीत. गाडीला चाकं दोन, दोन्ही एकाच आसावर. बैल वळले की गाडी वळली. पुढचं चाक आणि मागचं चाक असा भेदच तिथे नाही. त्यामुळे मागचं चाक पुढच्याची वाट सोडून तिसरीकडेच जातं, याचा अर्थ त्यांच्या लेखी एकच. ते कुणीतरी नेतं.

तरी नुसत्या संशयावर थांबणारे ते नव्हेत. एके सकाळी बघतो तर वळणावरचा सगळा रस्ता पिवळाधमक. नानांनी कारखान्यातला भुसा आणून अंथरला होता, वरून हातानं सारखा केला होता आणि ओट्यावर पहारा देत बसले होते. गाड्यावाल्यांना म्हणत होते, "अरं, कडंनं जा की जरा. सरकारी काम हाय."

लॉरी आली. जैनुद्दीननं लांबूनच ब्रेक लावला, खाली उतरला आणि भुश्याभोवती फिरू लागला. मग काठीनं भुसा उकरायला लागला.

"काय शोधताय, डायव्हरसाहेब?" नाना म्हणाले.

"खिळे."

"खिळे? माझे खिळे काय फुकटचे आलेत?"

"मिस्त्री, मिसरमध्ये दुश्मन वाळूत सुरुंग पेरायचा. वरून असंच झाडून-पुसून ठेवायचा. झाडलेली जागा दिसली की मी आधी खाली उतरतो."

"म्हंजी मी दुश्मन?"

"मी कुठं म्हणालो? पण भुसा कशाला टाकलाय, ते तुम्ही तरी कुठं सांगितलं?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. समोरून बापूही बघत होते, आणि आपल्याकडे कुणी बघतंय का तेही बघत होते. शेवटी जैनुद्दीननं भुसा काठीनं टोचून टोचून तपासला आणि लॉरी नेली. चाकांच्या खुणा अगदी स्वच्छ उमटल्या. पुढच्या चाकाची रेघ लांबून, मोठा बाक घेऊन गेलेली. मागच्या चाकाची रेघ तिच्या आतून, पार नानांच्या दगडाला चिकटून.

"आता बोल!" नाना मला म्हणाले. "पुढचं चाक बघ, कसं शहान्यावानी लांबनं गेलंय. आन् हे मागचं बघ. इतका रस्ता पडलाय मोकळा, त्येला इथंच का यायचं हुतं?"

"नाना, लॉरी लांब आहे. मागचं चाक वळताना आतूनच येत असेल. म्हणून तर तो आधी उजवीकडे जात असेल, मागच्याला जागा मिळावी म्हणून."

"तुला हे कुनी सांगितलं?"

"कुणी नाही. मला आपलं वाटलं."

"कालपासनं मच्छिंद्राच्या वट्यावर का बसलास?"

परतीच्या खेपेला नानांनी लॉरी अडवून खुद्द जैनुद्दीनलाच विचारलं. तो हसला. "मिस्त्री, पुढचं चाक माझ्या हातात. मागचं आपल्या मनानं जातं."

"मनानं?" नाना म्हणाले. "लाकडाचं चाक कधी मनानं गेलं न्हाई. रबराला मन कुठनं आलं?"

त्या दिवसापासून नानांचा असा समज झाला की मागच्या चाकांना आतून एखादी दोरी किंवा दांडा आहे आणि तो ओढायची खूण मच्छिंद्रबापू अडकित्त्यानं करतात. ते रोज लॉरी यायच्या वेळेला कोपऱ्यावर उभे राहायचे, मागच्या चाकावर डोळे रोखून. लॉरी वळू लागली की ओरडायचे, "थांब! ये थांब! भिताड गेलं!" जैनुद्दीनला सुरुवातीला ते ऐकू यायचं. पुढे पुढे इंजिनाच्या आवाजात तोही एक आवाज झाला.

इकडे मच्छिंद्रबापू तरी कुठे स्वस्थ होते? एकदा सुपारी देता देता मला हळूच म्हणाले, "राधू, ही लॉरी रोज माझ्या वट्यावर का येती रं?"

"वळायला, बापू."

"तसं न्हवं. गहिनादादा तिला तिकडनं वरडून वरडून माझ्याकडं हाकलतो. एक दिवस ती वट्यावर चढनार, आन् मी वटा मागं घ्यावा ह्यो त्याचा डाव हाय."

"पण तुम्ही तर जैनूभाईला राम राम करता."

"आरं, करावा लागतो. रोज इतक्या जवळ आल्यावर म्हाईत नसल्यागत बसू का?"

आठवड्याभरात बापूंनी ओट्याच्या उत्तर अंगाला घडीव दगडाची एक नवी पायरी बसवली, चांगली रस्त्यात आलेली. त्यांच्या बायकोचे, कडूकाकूंचे, गुडघे धरतात, त्यांना उतरायला सोपं पडावं म्हणून. गुडघे धरत होते हे खरंच, पण ते आमच्या लहानपणापासून धरत होते. पायरीमुळे झालं असं, की लॉरीला उजवीकडे सरकायला पूर्वीइतकी जागा उरेना. ती कमी झुकायची, लवकर वळायची, आणि मागचं चाक आणखी आत यायचं. नानांचा दगड हलायला लागला, भिंतीला कोपऱ्याशी उभी भेग पडली. नाना त्या भेगेत रोज काडी घालून बघत आणि काडी रोज थोडी जास्त आत जाई.

मग तो बाजारचा दिवस उजाडला.

रस्त्यावर बैलगाड्यांची रीघ. लॉरी आली ती पोत्यांनी खच्चून भरलेली. तिच्या मागे होती आबासाहेबांची मोटार. आबासाहेब म्हणजे कालव्याकाठचे मोसंबीवाले बागाईतदार. मोटार नवीन, आणि चालवायची हौस मोटारीहून नवीन. लॉरी वळणाशी आली आणि नेहमीसारखी उजवीकडे सरकली. डावीकडे रस्ता एकदम मोकळा झाला. लॉरीवाल्यानं आपल्याला ओळखलं आणि अदबीनं वाट दिली, असं आबासाहेबांना वाटलं. भोंगा वाजवून त्यांनी मोटार त्या मोकळ्या जागेत घातली. या सगळ्या हकिकतीत दुसऱ्यावर विश्वास ठेवणारे आबासाहेब एकटेच, आणि अडकले तेही एकटेच.

कारण लॉरीनं आता नाक डावीकडे फिरवलं होतं.

नाना कोपऱ्यावर होतेच. "थांब! ये थांब!" ते ओरडले. जैनुद्दीनला तो रोजचाच ओरडा. तो बापूंना सलाम करण्यात गुंतलेला, आणि डावीकडचं त्याला काही दिसत नव्हतं. लॉरीचं पोट मोटारीकडे येऊ लागलं, मागून चाक येऊ लागलं. नानांनी हातातली लाकडी मोगरी लॉरीच्या फळीवर दाणदाण हाणली. त्या आवाजानं जैनुद्दीननं दचकून ब्रेक दाबला.

लॉरी थांबली तेव्हा मोटारीच्या पुढे लॉरीचं पोट, मागे लॉरीचं चाक, एका बाजूला लॉरी आणि दुसऱ्या बाजूला नानांची भिंत. दार एकही उघडेना. आबासाहेब अंगानं असे, की खिडकीतून फक्त त्यांचे हुकूम बाहेर येऊ शकत होते. "लॉरी मागे घ्या! ताबडतोब!" पण मागे घेणार कुठे? मागे गाड्या, त्यांच्या मागे गाड्या, बैल एकमेकांच्या अंगावर आलेले.

माणसं जमली. कुणी म्हणालं, सुताराचा कोपरा फोडा म्हणजे मोटार निघेल. नाना तिकडे लक्षही देईनात. ते लॉरीखाली वाकून मागच्या चाकाकडे बघत होते. मग पळत कारखान्यात गेले, बाभळीची एक जाड पाचर आणली आणि चाकापुढे ठोकली.

"सरकतीय," ते म्हणाले.

"ब्रेक दाबलाय, मिस्त्री," जैनुद्दीन वरून ओरडला.

"दाबला आसशील. पर सरकतीय. उतार हाय, आन् तुझं वझं बघ."

कुणाचा विश्वास बसेना. मी कान दिला. पाचर खरंच करकरत होती. अगदी बारीक, जोडा चालताना करकरतो तशी.

नाना उठले, लॉरीच्या पुढून वळसा घालून ड्रायव्हरच्या बाजूला आले. "ऐक. गल्लीचा नाद सोड. स्टेरिंग उजव्या हाताला पार पीळ आन् पुढं घे. नाक तिकडं गेलं की पोट मोटारीपासनं सुटंल. उजवं चाक ह्या पायरीवर चढंल. चढू दे."

"बघा!" मच्छिंद्रबापू ओट्यावर उभेच राहिले. "बघा मंडळी, ह्यो डाव हाय! राधू, त्याला सांग, माझी पायरी मोडायला येवढी मोटार मधी घालायची काय गरज न्हवती!"

लोक हसले, पण जैनुद्दीन हसला नाही. त्यानं स्टेरिंगवरचा हात काढून घेतला. "मिस्त्री, इतके दिवस मला शिव्या घातल्या. माझ्या वाटेत भुसा पेरलात. आज तुमच्या सांगण्यावरून मी दुसऱ्याच्या दारात लॉरी घालू? उद्या तुम्हीच फौजदाराला सांगाल, ड्रायव्हरनं मुद्दाम घातली म्हणून."

मी नानांकडे बघत होतो. जन्मभर लोकांच्या बोलण्याला टिचकी मारून बघणारा माणूस, आणि आता त्यांच्या बोलण्याला सगळा बाजार टिचकी मारत होता. खरं बोलतोय हे दुसऱ्याला पटवायचं कसं, याची त्यांना सवयच नव्हती.

खालून पाचर तडकल्याचा आवाज आला. मोटारीतून हुकूम यायचे बंद झाले. आबासाहेब नुसतेच "अहो... अहो..." म्हणू लागले.

"माझा कोपराबी जाईल," नाना एकदम म्हणाले.

"काय?"

"नाक उजवीकडं फिरलं की बूड डावीकडं येतं. मागच्या चाकाच्याबी मागं जे लांबट हाय ना, ते. मी रोज बघतोय. ते भिंतीवर येनार. दगड उपटनार, आन् भिताड जानार. त्याची पायरी, आन् माझा कोपरा."

मच्छिंद्रबापूंच्या कपाळावर आठ्या पडल्या. इतका वेळ मला मध्ये घालून बोलणारे ते, या वेळी थेट नानांनाच म्हणाले, "सोताचा कोपरा पाडून तुला काय मिळनार हाय?"

"आबासाब मिळतील. जित्ते."

बापूंनी जैनुद्दीनकडे बघितलं. "जैनूभाई, आसं खरंच हुईल का?"

जैनुद्दीननं खिडकीतून मान काढून मागे बघितलं. मग म्हणाला, "होईल. शेपूट फिरणार. मिस्त्री खरं सांगतात." आणि नानांकडे वळून, "पण मिस्त्री, तुमची तुळई?"

"तू स्टेरिंग पीळ," नाना म्हणाले. "तुळईचं मी बघतो."

बापूंनी कडूकाकूंना हाताला धरून ओट्यावरून आत नेलं. परत येताना त्यांनी पायरीवरचा पाण्याचा तांब्या उचलून घेतला. याहून वेगळी परवानगी त्यांनी दिली नाही.

नाना डाव्या बाजूला, मागच्या चाकापाशी गेले आणि लॉरीच्या फळीवर हात ठेवून उभे राहिले. "ये... ये... थांब. पीळ अजून. ये..." जैनुद्दीनला ते दिसत नव्हते. नुसता आवाज येत होता, आणि आज त्या एका आवाजावर तो लॉरी हलवत होता. उजवं चाक पायरीवर चढलं. नवा घडीव दगड मधोमध फुटला. लॉरीचं पोट मोटारीपासून सुटलं, बोटभर, वीतभर. आणि त्याच वेळी तिची शेपूट डावीकडे फिरली. नाना हात काढून मागे सरले. काळा दगड मुळासकट उखडून आडवा झाला आणि कोपऱ्याची भिंत वरपासून खालपर्यंत बसली. धुळीचा लोट उठला. त्या धुळीतून आबासाहेबांची मोटार जी निघाली, ती बाजारतळ येईपर्यंत थांबली नाही. आभार मानायचे राहिले असावेत. लॉरी पुढे सरळ रस्त्यानं निघून गेली.

धूळ खाली बसल्यावर दिसलं, तुळईचं टोक माणसाच्या खांद्याइतकं खाली येऊन अधांतरी लोंबत होतं. दुसऱ्या टोकाच्या आणि मधल्या एका जुन्या खांबाच्या आधारावर ती कशीबशी राहिली होती. माळवदाची माती भुरूभुरू गळत होती. छबूकाकू दारात पदर तोंडाशी धरून उभ्या. नानांनी एक लांब सागवानी वासा ओढून काढला. पण वासा तुळईखाली लावायचा तर तुळई आधी जरा उचलून धरायला हवी, आणि कुणीतरी ती खांद्यावर पेलत असताना नानांनी खाली शिरून वाशाचं बूड पक्कं करायला हवं. पेलणारा सरकला, तर नाना खाली.

बाजारातली दोन-तीन धडधाकट माणसं पुढे आली. नानांनी त्यांच्याकडे एकेकाकडे बघितलं आणि मान हलवली. कोण कुठली माणसं, काय ठाऊक!

मच्छिंद्रबापू रस्ता ओलांडून आले. तो रस्ता ओलांडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. सदरा काढून त्यांनी घडी केली, खांद्यावर ठेवली आणि न बोलता तुळईच्या टोकाखाली खांदा लावला. तुळई किंचित उचलली गेली. मातीचं एक ढेकूळ त्यांच्या डोक्यावर पडलं.

नाना वासा धरून तसेच उभे.

"बघतोस काय?" बापूंच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. "शिर की खाली."

"सोडनार न्हाईस न्हवं?"

"सोडीन कसा? सोडली तर पयली माझ्याच डोक्यात पडंल."

नानांनी यावर विचार केला. मला तर वाटलं, त्यात काही डाव आहे का तेच ते बघतायत. मग ते आत गेले आणि एक आखूड खांब घेऊन आले. बापूंचा खांदा सुटला तरी तुळई अडून राहील असा तो त्यांनी त्यांच्या पाठीमागे, तुळईखाली ठोकून बसवला, हलवून बघितला, पुन्हा हलवून बघितला.

"ह्यो कशाला?" बापू दातओठ खात म्हणाले.

"आसू दे," नाना म्हणाले, आणि वासा घेऊन तुळईखाली शिरले.